पंचनाम्यात सून

‘‘या, या सूनबाई. बंगला सोडून इकडं कुठं?’’

टेबलामागचा बाबू असं म्हणाला. माझ्याकडं बघून म्हणाला. मी मागं वळून बघितलं, दुसरी कुणी असंल म्हणून. मागं रांग होती. नाल्याकाठच्या आमच्याच वस्तीची. हातात आधार कार्डाच्या झेरॉक्स, पासबुकं, पाण्यानं फुगलेली रेशनकार्डं.

शाळेच्या हॉलमधी मदतीचे अर्ज घेणं चालू होतं. ढगफुटीसारखा पाऊस झाला, नाला फुटला, ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना सरकार मदत देणार होतं. कपडालत्ता, भांडीकुंडी, धान्य गेलं त्याची. वस्तीतल्या बहुतेकांची नावं यादीत लागली. माझं लागलं नाय. का लागलं नाय, तेवढं विचारायला मी आले होते.

‘‘साहेब, माझं नाव राहिलंय,’’ मी म्हणाले. ‘‘घरात छातीइतकं पाणी होतं.’’

‘‘कोणत्या घरात? ह्या का त्या?’’

मला कळलं नाय. मग त्यानं कॉम्प्युटरचा पडदा फिरवला. माझ्याकडं नाय, रांगेकडं.

पडद्यावर मी होते. डोक्यावर पदर. एका बाजूला भिजलेल्या गाद्या, दुसऱ्या बाजूला पिठाचा डबा, हंडा, कळशी. मागं पिवळी भिंत. ती भिंत माझ्या घराची नव्हती. मी जिथं अकरा वर्षं धुणीभांडी करत होते, त्या काकूंच्या बंगल्यातल्या मागच्या खोलीची होती.

बाबूनं फोटोखालचा मजकूर वाचला. बातम्या वाचतात तसा. ‘‘मागील खोलीत अर्जदार व त्यांची पत्नी विभक्त राहतात. पुराच्या पाण्याने संसारोपयोगी साहित्याचे पूर्ण नुकसान. सोबत अर्जदाराच्या पत्नीचा साहित्यासह फोटो.’’

अर्जदार म्हणजे काकूंचा मुलगा. पत्नी म्हणजे मी.

‘‘मीच काढलाय फोटो. विसरीन का?’’ तो म्हणाला. ‘‘बाई, तुला नवरे दोन असतील. मदत एकच मिळती.’’

रांग हसली. सगळी नाय. पण हसली. माझ्या गल्लीतला एक जण लईच हसला. त्याच्या बायकोच्या बाळंतपणात मी रात्रंदिवस दवाखान्यात बसले होते.

‘‘मी तिथं भांडी घासते,’’ मी म्हणाले.

‘‘तू तिथं काय काय करती ते आम्हाला कशाला सांगती? चला, पुढचा.’’

पुढचा पुढं आला. त्याच्या कोपराचा धक्का लागून मी बाजूला झाले. हातातला कागद तसाच. आजही ते आठवलं की मी बसलेली असले तर उठते, उभी असले तर चालाया लागते. त्या दिवशी पण तसंच झालं. शाळेच्या फाटकातून निघाले आणि पाय थांबेनात. घराकडं जायचं तर तिथं सगळी रांग आधीच पोचलेली असणार. मेन रोडपर्यंत गेले, परत आले, परत गेले. ऊन तापलेलं. चपलीचा अंगठा तुटला. तशीच फरफटत चालले. डोक्यात एकच. पत्नीचा साहित्यासह फोटो. पत्नीचा साहित्यासह फोटो.

माझं माहेर अजिंठ्याकडचं. बाप लेण्यांच्या पायथ्याशी फिरायला येणाऱ्यांना थंडा विकायचा. सातवीपर्यंत शाळा केली, मग लग्न, मग हे शहर. नवरा एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. दोन लेकी. थोरली नांदायला गेली, धाकटी बारावीला. घर नाल्याकाठी, दोन खोल्यांचं, पत्र्याचं. त्या नाल्याच्या वरच्या अंगाला बंगले आहेत. खाली आम्ही. वरचं पाणी खाली येतं.

आम्ही बौद्ध. काकूंकडं कामाला लागले त्या दिवशीच त्यांनी आडनाव विचारलं होतं, सासरचं न् माहेरचं दोन्ही. मी सांगितलं. ‘‘बरं,’’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून देवघराची खोली झाडायचं काम माझ्याकडून निघालं. ‘‘तुला उगाच जास्तीचं काम कशाला,’’ म्हणाल्या. किती गोड बोलल्या. मला पण बरंच वाटलं होतं तेव्हा. एक खोली कमी. अकलेनं इतकी आंधळी होते मी.

अकरा वर्षं मागच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. चहा मिळायचा, मागच्या पायरीवर. दिवाळीला साडी मिळायची. आणि आल्यागेल्याला काकू सांगायच्या, ‘‘ही आमच्या घरच्यासारखीच आहे हो.’’ मी पायरीवरून हसायचे.

पाऊस झाला तेव्हा मी त्यांच्याच ओट्याशी होते. भर दुपारी दिवे लावावे लागले एवढं आभाळ आलेलं. तासभर नुसतं कोसळत होतं. वस्तीतून रेहानाभाभीचा फोन आला. माझी शेजारीण. फोनवर नुसती ओरडत होती, ‘‘जल्दी आ गे! पानी दरवाजे तक आ गया!’’

मी हात न पुसता पळाले. पोचले तर दार दिसत नव्हतं. नाल्याचं काळं पाणी, त्यात कुणाचं तरी कपाट तिरपं तरंगत चाललेलं. माझी धाकटी शेजारच्या दुमजली घराच्या जिन्यात उभी होती. बारावीची पुस्तकं छातीशी धरून. तीन पुस्तकं तिनं वाचवली. बाकीची गेली. रडत नव्हती. माझ्याकडं बघून नुसती म्हणाली, ‘‘आई, केमिस्ट्री गेली.’’

दोन दिवस पाणी घरात होतं. ओसरलं तेव्हा गुडघाभर गाळ. गहू, तांदूळ, डाळी सगळं नासलं. गाद्या पिळल्या तर काळं पाणी निघायचं. आणि सांगते, हे दोन दिवस मी काकूंकडं कामाला गेले. त्यांच्या पार्किंगमधी घोटाभर पाणी साठलं होतं. ते मी बादलीनं उपसलं. माझ्या घरात पाणी तसंच, आणि मी त्यांची फरशी फिनेलनं पुसत होते. कुणी जबरदस्ती केली नव्हती. नाय गेले तर काम जाईल, एवढंच.

पार्किंग चकाचक झाल्यावर काकू म्हणाल्या, ‘‘तुझं सामान इथं आण. मागची खोली रिकामीच आहे. पंखा लाव, वाळव. तिकडं कुठं वाळणार ते?’’

मी त्यांच्या पाया पडले. खरंच पडले. नवऱ्यानं न् मी दोन खेपात सगळं आणलं. गाद्या, भांडी, डबे, कपड्यांचं गाठोडं. जे वाचलं ते सगळं. घर मोकळं करून मी गाळ काढला, भिंती धुतल्या.

चार दिवसांनी दोन माणसं बंगल्यात आली. त्यातला एक हा बाबू. काकूंनी त्यांना हॉलमधी बसवलं, पोहे दिले. पोहे मीच केले होते. मग मला हाक मारली. ‘‘अगं, ये गं. तुझ्या सामानाजवळ जरा उभी राहा. पंचनामा करायचाय.’’

मला वाटलं, माझा पंचनामा. माझ्या नुकसानीचा. काकूंनी सरकारी माणसं माझ्यासाठी घरी बोलावली. मी पदर नीट केला. डोक्यावर घेतला. सरळ उभी राहिले.

‘‘काकू, लई उपकार झाले,’’ मी म्हणाले.

‘‘अगं, तुझंच काम आहे हे,’’ त्या म्हणाल्या.

काकूंचा मुलगा, त्याला मी दादा म्हणायचे, दारात उभा होता. इंजिनिअर आहे. बायको पुण्याला नोकरीला. त्याचं न् आईबापाचं रेशनकार्ड वेगळं. तेव्हा हे माझ्या डोक्यात पण आलं नव्हतं. तो मोबाईल बघत होता. त्यानं मान वर केली नाय.

तिथून ती सरकारी माणसं नाल्यावर गेली. माझ्या घराला कडी होती. रेहानाभाभीनं कडी काढून त्यांना दाखवलं. घर धुतलेलं, रिकामं. हा बाबू तिला म्हणाला, ‘‘इथं काय नुकसान झालंय? चमचा पण नाही इथं.’’ ती सांगत राहिली, सामान बंगल्यात वाळायला ठेवलंय म्हणून. त्यानं ऐकून घेतलं नाय. आता कळतं, का ऐकलं नाय ते. तेच सामान तो तासाभरापूर्वी फोटोत धरून आला होता.

हे सगळं मला त्या दिवशी मेन रोडवर फेऱ्या मारता मारता जुळत गेलं. एक एक करून. आणि जसं जुळलं तशी मी थांबले. फरफटणारी चप्पल काढून हातात घेतली. अनवाणी काकूंकडं गेले.

बाबूचा फोन माझ्याआधी पोचला होता. डायनिंग टेबलावर टाईप केलेला कागद तयार होता. कागदावर पेन आडवा. काकू, दादा दोघंही होते.

‘‘एवढं काय झालं गं तिथं?’’ काकू म्हणाल्या. ‘‘तमाशा करायची काय गरज होती?’’

‘‘तमाशा मी नाय केला काकू. तुम्ही मला दादांची बायको लिहिलंय.’’

‘‘ते त्या लोकांनी लिहिलंय. आणि सूनच लिहिलं ना? शिवी तर नाही लिहिली? उलट मान दिलाय तुला.’’

त्या हसून म्हणाल्या. खोटं वाटेल, पण त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांच्या तोंडावर कपट नव्हतं. तेच मला आजवर झोंबतं. कपट असतं तर बरं होतं.

‘‘सरकार देतंय तर सगळेच घेतात,’’ काकू बोलत होत्या. ‘‘आम्ही जन्मभर टॅक्स भरला. आम्हाला कधी काय मिळालंय? तुम्हा लोकांना तर दर वर्षी काही ना काही मिळतं. एकदा नाही मिळालं तर काय बिघडलं? तुझं मी बघते ना. माझी जुनी शेगडी घेऊन जा. दोन साड्या काढून ठेवल्यात.’’

दादा म्हणाला, ‘‘हे बघ, टेक्निकल चूक झालीये. ती दुरुस्त करायला तुझी एक सही लागेल. वाचायची गरज नाही, साधंच आहे.’’

मी पेन हातात घेतला. हे लपवणार नाय. घेतला. आणखी दोन बंगल्यांची कामं काकूंच्या शब्दानं लागलेली. धाकटीची फी. पुस्तकं परत घ्यायची. नवऱ्याच्या कंपनीत निम्मे वॉचमन काढायची बोलणी चाललेली. एक सही तर होती. झालेला अपमान तर झालाच होता. सही केली म्हणून तो वाढणार नव्हता, असं मी माझ्या मनाला सांगत होते.

पण अक्षर बारीक होतं. चष्मा नव्हता. वाचायला उजेडाकडं धरावं म्हणून मी टेबलाची खुर्ची ओढली आणि बसले. विचार करून नाय बसले. पाय भाजले होते, अनवाणी आले होते. आपोआप बसले.

‘‘अगं, अगं! खुर्चीवर नको,’’ काकू म्हणाल्या. ‘‘खाली बस ना, रोजच्यासारखी.’’

झटकन म्हणाल्या. दूध उतू जाताना बाई ओरडते तशा. त्यांनाही कळलं नाय आपण काय बोललो. मान दिलाय म्हणून दोन मिनिटं झाली नव्हती.

मला राग आला नाय. रागात मी रडते. मला रडूच येईना. मी उठले नाय. खुर्ची आणखी पुढं ओढली. आणि कागद वाचाया लागले. मोठ्यानं. एक एक अक्षर. सातवी पास बाई वाचते तसं, अडखळत.

‘‘फोटोतील सर्व सामान सदर कुटुंबाचे असून... मी केवळ कामवाली म्हणून मदतीस उभी होते... माझे स्वतःचे कोणतेही नुकसान... झालेले नाही... माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’’

मी पुन्हा एकदा वाचलं. मग दादाकडं बघितलं.

‘‘पहिल्या कागदावर मी तुमची. ह्या कागदावर माझं सामान तुमचं. मग मी खुर्चीवर बसले तर काय बिघडलं?’’

मी पेन कागदावर परत आडवा ठेवला.

‘‘मी सही करणार नाय,’’ मी म्हणाले.

‘‘उपकार विसरलीस,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पुरात तुला कोणी आसरा दिला?’’

‘‘तुम्ही दिला. आणि माझं घर रिकामं करून घेतलं.’’

‘‘या कॉलनीत तुला एकही काम मिळणार नाही. लक्षात ठेव.’’

‘‘ठेवते,’’ मी म्हणाले.

रेहानाभाभीला फोन केला. तिचा नवरा गाड्यावर केळी विकतो. दोघं गाडा घेऊन आले. भाभीनं माझं तोंड बघितलं न् एवढंच म्हणाली, ‘‘बोल मत अब्बी. पैले सामान उठा.’’ भर दुपारी आम्ही माझं सामान बाहेर काढलं. मागच्या दारानं नाय. हॉलमधून, सोफ्याशेजारून, पुढच्या दारानं. गाद्यांचा वाळलेला गाळ फरशीवर सांडत होता. कॉलनीतल्या बाया गॅलरीत आल्या. बघू दे म्हटलं.

त्या संध्याकाळी नवरा ड्युटीवरून आला. त्याला टपरीवर कुणीतरी सांगितलं होतं, तुझी बायको बंगल्यात गेली म्हणून. जेवला नाय. ताट सरकवलं. धाकटी अभ्यास करायचं नाटक करत होती. तो भिंतीकडं बघून म्हणाला, ‘‘खरं सांग.’’

दोनच शब्द. बावीस वर्षांचा संसार. बाबू बोलला तो परका होता. काकू परक्या होत्या. हा घरचा होता. मी सगळं सांगायला तोंड उघडलं न् मिटलं. का सांगू? मी काय आरोपी आहे?

‘‘उद्या माझ्यासंगं ऑफिसात चल,’’ मी म्हणाले. ‘‘तिथं विचार खरं काय ते.’’

दुसऱ्या दिवशी तो आला नाय. ‘‘जाऊ दे ना,’’ म्हणाला. ‘‘मोठ्या लोकांशी वाकडं घेऊन आपलंच तोंड काळं होतं.’’ कामंही गेली. बाकीच्या दोन बंगल्यांतून फोन आले, उद्यापासून येऊ नको. कारण सांगितलं नाय. मी विचारलं पण नाय.

तक्रार मी माझ्या हातानं लिहिली. धाकटी म्हणाली, ‘‘आई, वरती उपरोक्त विषयान्वये असं लिहावं लागतं.’’ मी म्हटलं, नको. मी जे बोलते तेच लिहिणार. चार कागद फाडले. पाचव्यावर पहिली ओळ लिहिली: मी यांची सून नाही. मी यांच्या घरी भांडी घासते. माझ्या घरात पाणी शिरले.

पुढचं लिहायला वेळ लागला नाय.

तो कागद घेऊन मोठ्या ऑफिसात गेले. आवक खिडकीवरचा माणूस वाचून हसला. ‘‘असा अर्ज नसतो बाई. वकिलाकडून लिहून आणा.’’

‘‘शिक्का मारा,’’ मी म्हणाले.

‘‘ऐकू आलं नाही का?’’

‘‘आलं. शिक्का मारा.’’

तो जेवायला गेला. मी उभी राहिले. तो आला. मी तिथंच. माझ्या बाजूनं लोक येत होते, कागद देत होते, जात होते. मला एका जागी उभं राहवत नव्हतं. या पायावरून त्या पायावर. बाकावर बसा म्हणाला शिपाई. मी बसले नाय. बसले तर उठून घरी जाईन, अशी भीती वाटत होती. खिडकी बंद व्हायच्या वेळेला त्यानं शिक्का मारला. मारला म्हणजे आपटला. मला सही न् शिक्क्याची प्रत मिळाली. ती प्रत मी ब्लाऊजमधी ठेवली न् चालत घरी आले.

सुनावणीला तीनदा बोलावलं. दोनदा समोरचे आलेच नाहीत. तिसऱ्यांदा आले. काकू, दादा, बाबू. साहेबांच्या जागी बाई होत्या. तरुण होत्या. थकलेल्या दिसत होत्या. काकू बसल्याबसल्या रडाया लागल्या. ‘‘आम्ही हिला पोरीसारखी ठेवली. पुरात आसरा दिला. आणि ही चार पैशांसाठी आमच्या मुलाचं नाव खराब करतीये.’’ बाबू म्हणाला, गर्दीत चुकून नोंद झाली. दादा म्हणाला, सामान मात्र आमचंच होतं, खोली आमची, सामान आमचं.

‘‘तुमच्याकडं काही पुरावा?’’ बाईंनी मला विचारलं.

मला माहीत होतं हा प्रश्न येणार. गाड्यावरून सामान आणल्यावर मी एक एक भांडं राखेनं घासलं होतं. घासता घासताच मला सुचलं.

‘‘बाई, तुमच्याकडं तो फोटो असंल,’’ मी म्हणाले. ‘‘त्यातला हंडा मोठा करून बघा.’’

त्यांनी फोटो उघडला. मोठा केला. आणखी मोठा केला. बाबूचा मोबाईल भारीतला असणार. हंड्याच्या गळ्याखालची अक्षरं स्वच्छ आली होती. लग्नात भांड्यावर नाव घालतात, तशी. बाईंनी मोठ्यानं वाचलं. माझ्या बापाचं नाव. आडनाव. गावाचं नाव. आणि पुढं, लेकीस सप्रेम भेट.

बाईंनी पडदा दादाकडं फिरवला.

‘‘हे आडनाव तुमच्या कुटुंबात कोणाचं आहे?’’ बाईंनी दादाला विचारलं.

ज्या आडनावांमुळं मला देवघर बंद झालं, त्यातलंच एक आपलं आहे असं म्हणायची वेळ त्याच्यावर आली होती. काकूंचं रडणं थांबलं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. ‘‘ते माझ्या सासऱ्याचं नाव आहे साहेब. हंडा मीच डोक्यावर घेऊन आलो होतो अजिंठ्याहून.’’

माझा नवरा. ड्युटीच्या ड्रेसवर. कधी येऊन उभा राहिला, मला माहीत नाय.

परत येताना रिक्षात तो म्हणाला, ‘‘माझं चुकलं.’’ मी बाहेर बघत राहिले. त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाय. देईन तेव्हा देईन.

आता काय झालं ते सांगते. न्याय झाला असं कुणी समजू नका. त्यांचा अर्ज रद्द झाला, चुकीची माहिती म्हणून. बस, तेवढंच. बाबू दुसऱ्या टेबलावर बसतो. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. माझ्या घराचा फेरपंचनामा करा असा आदेश निघाला. पण पाणी कधीच ओसरलंय. भिंती धुतलेल्या. नासका गहू आम्ही कधीच फेकून दिलेला. येणारा माणूस विचारतो, आता काय मोजू? दोनदा आला, दोनदा कागद कोरा ठेवून गेला. म्हणे वरून सूचना नाहीत.

मी आता शहरातल्याच गारखेडा भागात मुलांच्या एका मेसवर पोळ्या लाटते. धाकटीनं मैत्रिणीच्या पुस्तकांवरून नोट्स उतरवून काढल्या. वस्तीतल्या काही बाया अजून माझ्याशी बोलत नाहीत. तुझ्यामुळं आमच्यावर पण बंगलेवाल्या संशय घेतात, म्हणतात. काही जणी मात्र कागद घेऊन येतात. सही करायच्या आधी वाचून दे म्हणतात. मी वाचते. अडखळत वाचते, पण सगळं वाचते.

मागच्या आठवड्यात भाजी मंडईत काकू भेटल्या. माझ्यासमोर येऊन थांबल्या. मेथीची जुडी हातात होती. जरा वाळल्या आहेत. मला म्हणाल्या, ‘‘जे झालं ते झालं. आम्ही तुला माफ केलंय.’’

भाजीवाला ऐकत होता. बाया ऐकत होत्या. पूर्वीची मी असते तर डोळ्यांत पाणी आलं असतं. खरंच आलं असतं.

‘‘मी नाय केलं,’’ मी म्हणाले. आणि टोमॅटो निवडाया लागले.

परवा तो फेरपंचनाम्याचा माणूस पुन्हा येणार आहे. मेसवरून मी सुट्टी घेतली आहे. रेहानाभाभी येणार, तिच्या मागं वस्तीतल्या आणखी सहासात जणी येणार. पाणी कुठवर होतं ते प्रत्येकीला ठाऊक आहे. प्रत्येकीची सही घेणार. त्याला वरून सूचना नसतील तर मी खालून देणार. मदत मंजूर होईल न होईल, ते त्यांच्या हातात आहे. पण या घरात कोण राहतं, त्याचं नाव काय आणि त्याचं काय गेलं, हे शाईनं लिहून, वाचून दाखवल्याशिवाय त्या माणसाला मी या गल्लीतून जाऊ देणार नाय.